चिपर निवडायचा रविवार

मशीन विकणाऱ्या मल्लेशचा डीसीएम ट्रक नागोलच्या प्लॉटवर आला तेव्हा गजभाऱ्यांच्या विद्यानगरच्या घराला कुलूप होतं. घरातलं प्रत्येक मोठं माणूस प्लॉटवर हजर होतं. संभाजी सकाळी सातलाच येऊन ट्रॅक्टरचं पाणी-तेल बघून गेला नि पुन्हा येऊन बसला होता. त्याची बायको सखू भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन चिंचेच्या एका आडव्या बुंध्यावर टेकली होती. थोरला अनिरुद्ध कुंपणाशी फेऱ्या मारत फोनवर बोलत होता. धाकटा रितेश पिकअपमधून फांद्या ओढून खाली टाकत होता, आणि रितेशची बायको निशिगंधा, लेकीला शेजारणीकडं सोडून आणि हॉस्पिटलच्या काउंटरवरची रविवारची पाळी बदलून आलेली, शालीत हात गुंडाळून नवऱ्याकडं बघत उभी होती. जानेवारीचा गारठा अजून हटला नव्हता.

"घरात यंत्र यायचं तर घरातल्या सगळ्यांनी ते चालताना बघायचं," हा संभाजीचा नेम होता. पंधरा वर्षांपूर्वी पहिली चेनसॉ आणली तेव्हा त्यानं सखूला तव्यावरची भाकरी टाकून उठायला लावलं होतं. त्याआधी तीस वर्षं त्याचा झाडं तोडायचा-छाटायचा धंदा एक कुऱ्हाड, एक दोर आणि स्वतःचे दोन पाय एवढ्यावरच चालला होता. देगलूरकडून हैदराबादला आला तोच मुळी कुऱ्हाड खांद्यावर टाकून.

या वेळी घ्यायचा होता चिपर. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याला, पीटीओला, जोडायचा. एका तोंडानं फांद्या घ्यायच्या आणि दुसऱ्या तोंडानं त्यांच्या ढलप्या फेकायच्या. छाटलेल्या फांद्या टाकायला आता शहरात जागाच राहिली नव्हती. पूर्वी बेकरीवाले, वीटभट्टीवाले स्वतः गाडी घेऊन यायचे. आता बेकऱ्या गॅसवर गेल्या होत्या, आणि रिकाम्या प्लॉटवर फांद्या टाकल्या की कुणीतरी फोटो काढून तक्रार करायचं. त्यात कोंपल्लीच्या एका मोठ्या वसाहतीनं अनिरुद्धला वर्षभराचं काम देऊ केलं होतं. आठशे झाडं. अट एकच: फांदी गेटबाहेर जाणार नाही, तिथंच ढलप्या करून झाडांच्या बुडाशी पसरायच्या. महिनाअखेरपर्यंत मशीन दाखवा, काम तुमचं.

मल्लेशनं दोन मशिनं आणली होती. ती उतरवून होईपर्यंत त्याचं तोंड थांबलं नाही.

"देखो अनिरुद्ध साब, ये पहला. इसकू रोलर-बिलर कुछ नै. अंदर भारी चकती है, चकती पे पाती. लकडी मुं में दिये की वो खुद खींच लेती. गाडीभर फांदी बीस मिनट में खलास." मग दुसऱ्यापाशी जाऊन त्यानं तोंडाभोवतीच्या लाल दांडीवर हात ठेवला. "ये आराम से खाता. दो दातवाले रोलर हैं, वो पकड के अंदर लेते. ट्रॅक्टर थका तो रोलर रुक जाते, दम लिया तो फिर चलते. और ये दांडी. हाथ लगो, पेट लगो, कुछ बी लगो, रोलर उधरीच बंद."

"आणि वेळ?" अनिरुद्धनं विचारलं.

"दुगना समझो, साब. झूट कायकू बोलना."

अनिरुद्ध फोन खिशात टाकत घरच्यांकडं वळला. "मग बघायचं काय राहिलं? आठशे झाडं आहेत. ह्या सावकाश खाणाऱ्यावर बसलो तर एक चक्कर पुरी व्हायच्या आत पहिल्या झाडाला पुन्हा फांद्या फुटतील."

"ट्रॅक्टरचा दम बघायचा राहिलाय," संभाजी म्हणाला. "आपला पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा हाय, पण तो नवा होता तवा. मागल्या दांड्यापर्यंत जाता जाता पस्तीस उरत असतील तर नशीब. चकतीवाल्यात जाड लाकूड गेलं की इंजिन मरतंय. बैल बघून गाडी जुंपावी."

"चकतीवालंच घेऊ, बाबा," रितेश फांदी टाकून जवळ आला. "ते रोलरवालं म्हणजे म्हातारी म्हैस कडबा खायलीय असं दिसंल. लोक हसतेत."

सखू हसली. धाकट्याच्या बाजूनं बोलायची तिची जुनी खोड. "त्याला उभं राहायचंय तिथं. त्याला पटंल ते घ्या की. तुमाला काय करायचंय?"

"रोलरवालं घ्या," निशिगंधा म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती इथं येऊन अर्धा तास झाला होता आणि हे तिचं पहिलं वाक्य होतं.

"कशामुळं?" अनिरुद्धनं विचारलं.

"सावकाश आहे म्हणून."

"सावकाश हे मशीन घ्यायचं कारण असतं का, निशिगंधा?"

तिनं रितेशकडं बघितलं. रितेशनं मान इतकी हलकी हलवली की तिच्याशिवाय कुणाला दिसली नाही. तिनं शाल आणखी आवळून घेतली.

संभाजी सखूकडं बघून म्हणाला, "इचार तिला, काय म्हणायचंय ते नीट सांग म्हणावं."

सून दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पण तीन महिने झाले तो तिच्याशी सरळ बोलत नव्हता. विजयादशमीला सगळे जेवायला बसले असताना तिनं म्हटलं होतं, आमच्या हॉस्पिटलात बागेचं आणि इमारतीच्या देखभालीचं काम बघायला माणूस हवाय, ह्यांनी झाडावर चढायचं सोडून तिथं यावं. संभाजीनं ताट तसंच सरकवलं होतं. आपल्या धंद्याला आपल्याच घरात कुणी कमी लेखतंय एवढंच त्याला त्यात ऐकू आलं होतं.

*

निशिगंधाला जे म्हणायचं होतं ते तिला म्हणता येत नव्हतं, कारण तिनं मुलीची शपथ घेतली होती.

तिला आधी कळलं ते माशांवरून. रविवारी रामनगरच्या बाजारातून रोहू आणायचा आणि तो सगळ्यांत जास्त रितेशनं खायचा, ही घरची रीत. मग एकदा त्यानं ताटातला तुकडा चिवडून तसाच ठेवला. पुढच्या रविवारी म्हणाला, कंटाळा आला माशांचा. सखूनं ते खरं मानलं आणि त्याच्यापुरती अंडी करायला लागली. निशिगंधानं मानलं नाही. काटा बोटांना लागत नसलेला माणूस घास कसा काढील? तो बोटांनी चाचपायचा, त्याला काही कळायचं नाही, आणि काटा थेट घशात जाऊन टोचायचा.

त्यानंतर ती बघतच राहिली. थंडीच्या सकाळी त्याच्या दोन्ही हातांची मधली बोटं खडूसारखी पांढरी पडायची. बसमध्ये सुटे पैसे देताना तो सगळी मूठ उघडून कंडक्टरपुढं धरायचा. तिनं हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी नवरा काय काम करतो एवढंच विचारलं आणि मान हलवली. रोज पाच-सहा तास, पंधरा वर्षं चेनसॉची थरथर अंगात गेल्यावर बोटांच्या नसा अशा मरतात. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. वाढू द्यायचं नसेल तर मशीन हातातून सुटलं पाहिजे.

हे तिनं रितेशला सांगितलं त्या दिवशी त्यानं झोपलेल्या लेकीच्या डोक्यावर तिचा हात ठेवला. "घरात कुणाला बोलायचं नाही. दादानं धंदा माझ्या चढण्यावर उभा केलाय. बाबाचं तर काय सांगू तुला."

म्हणून तिनं देखभालीची नोकरी काढली होती. खरं कारण लपवून दुसऱ्या दारानं त्याला बाहेर काढायला गेली, आणि सासऱ्याचं बोलणं गमावून बसली.

*

चकतीवालं मशीन आधी जोडलं. संभाजी ट्रॅक्टरवर चढला, मान मागं वळवून बसला आणि पीटीओ टाकला. आधी नुसती घरघर, मग चकतीनं वेग घेतला तशी एक बारीक शीळ प्लॉटभर भरून राहिली. मल्लेशनं निलगिरीची एक सरळ फांदी तोंडात दिली. फांदी त्याच्या हातातून हिसकल्यासारखी आत गेली आणि पलीकडच्या नळीतून ढलप्यांचा फवारा उडाला.

"अरे वा!" अनिरुद्ध ओरडला. सखूनं पदर तोंडावर घेतला, पण डोळे हसत होते.

रितेश पुढं झाला. एक फांदी, दुसरी, तिसरी. त्याला असली कामं शिकवावी लागत नसत. संभाजीला ते बघताना नेहमीसारखं बरं वाटत होतं. पोराचं अंग कामात शिरलं की कसं सैल होतं ते त्यानं त्याच्या सोळाव्या वर्षापासून बघितलं होतं. इंजिनाचा आवाज जाड फांदीला थोडा बसत होता, पण मरत नव्हता. अनिरुद्धचंच खरं म्हणायचं तर, असा विचार संभाजीच्या मनात आला.

मग रितेशनं सुबाभळीची एक बेचकी फांदी उचलली. दोन हात लांब केल्यासारखी दोन टोकं. एक टोक आत गेलं, दुसरं तोंडाच्या कडेला अडकलं. चकतीनं ओढ घेतली तशी सगळी फांदी गर्रकन फिरली. कुणीही असतं तर त्या हिसक्याला हात आपोआप सुटला असता. रितेश मल्लेशशी काहीतरी बोलत होता, तोंड त्याच्याकडं, आणि त्याचा उजवा हात फांदीबरोबर चालला होता. मूठ मिटलेली. एक पाऊल गेलं, दुसरं गेलं, छाती तोंडाच्या पत्र्याला लागली.

निशिगंधाची शाल मागं पडली. ती दोन्ही हातांनी त्याचा कमरेचा पट्टा धरून मागं बसली, सगळं वजन टाकून. संभाजीनं क्लच खालपर्यंत दाबला. पीटीओ सुटला, पण जड चकती आपल्या वेगानं फिरतच होती. त्याला आयुष्यात इतके लांब वाटलेले दोन क्षण आठवत नव्हते. बेचक्यातून फांदी कडकन मोडली आणि नवराबायको दोघं पाठीवर पडली.

चकतीची शीळ खाली खाली येत थांबली.

"पाय घसरला," रितेश उठत म्हणाला आणि हसला. "काही झालं नाही. बघायलात काय सगळे?"

"पाय नाई घसरला," सखू उठून उभी राहिली होती. भाकरीचं गाठोडं मातीत पडलं होतं. "मी तुझ्याकडंच बघायले होते. पाय जाग्यावर होते तुझे. तू हात सोडला नाईस."

"माय, अगं..."

"काऊन सोडला नाईस?"

त्यानं उजवा हात पाठीमागं नेला. आईनं त्याची बाजू सोडून त्याला असं कधीच विचारलं नव्हतं.

संभाजी इंजिन बंद करून खाली उतरला. त्यानं पोराचा उजवा हात आपल्या हातात घेतला. पावसाळ्यातल्या बेडकाच्या पोटासारखा गार. बोटं मधल्या पेरापर्यंत पांढरी.

"डोळे मिट."

"काय खेळ लावलास, बाबा?"

"मिट म्हणलं ना."

रितेशनं डोळे मिटले. संभाजीनं ट्रॅक्टरची किल्ली त्याच्या चिमटीत ठेवली. "काय हाय?"

रितेशनं बोटं चोळली. "काडी आहे."

अनिरुद्ध काहीतरी बोलायला गेला, पण संभाजीनं हातानंच त्याला थांबवलं. किल्ली हळूच काढून घेतली. चिमूट तशीच मिटलेली राहिली. "आणि आता?"

रितेश बराच वेळ चाचपत राहिला. "आता पण काडीच. बारीक दिलीस वाटतं."

त्याच्या बोटांत काहीच नव्हतं. त्यानं डोळे उघडले आणि रिकाम्या चिमटीकडं बघितलं, मग बापाच्या हातातल्या किल्लीकडं.

संभाजी निशिगंधाकडं वळला. सखूकडं नाही, सरळ तिच्याकडं. "तुला ठाऊक होतं?"

"हौ, मामा."

"कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले." मग शपथ तुटलीच होती म्हणून तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेसुद्धा. सांगताना ती रडली नाही. फक्त त्या नोकरीच्या गोष्टीपाशी आली तेव्हा थांबली. "त्या दिवशी जेवताना मी धंद्याला नावं ठेवायला बोलले नव्हते, मामा. मला दुसरं काही सुचलं नाही."

संभाजीनं किल्लीवर मूठ मिटली. "चेनसॉ मीच आणून दिली होती त्याला," तो म्हणाला. "लई हौसेनं आणली होती. कुऱ्हाडीनं माझे खांदे गेले, याचे जाऊ नयेत म्हणून."

सखू मातीतल्या भाकरी गोळा करत होती. एक-एक उचलून पदरानं पुसत होती. "आणि मी त्याला अंडी करून घालायले," ती कुणालाच नाही असं म्हणाली.

रितेश प्लॉटच्या टोकाकडं चालायला लागला होता.

*

अनिरुद्ध त्याच्या मागून गेला. कुंपणापाशी लाकडाच्या ओंडक्यांची थप्पी होती, तिच्यावर रितेश पाठमोरा बसला होता. अनिरुद्ध बाजूला बसला. दोघांच्या वयात पाच वर्षांचं अंतर. झाडावर रितेश, जमिनीवर अनिरुद्ध. एकाचे हातपाय, दुसऱ्याचं तोंड. बारा वर्षं असंच चालत आलं होतं.

"मला माहीत होतं," अनिरुद्ध म्हणाला.

रितेशनं वळून बघितलं.

"म्हणजे सगळं नाही. नोव्हेंबरात हबसीगुड्याच्या कामावर मी तुला गाडीची किल्ली फेकली होती. तू झेललीस. पण मूठ उघडून बघितलीस, किल्ली आत आहे का ते. मी तेव्हाच समजलो काहीतरी बिघडलंय."

"मग विचारलं का नाहीस?"

अनिरुद्धला दुसरं कारण शोधता आलं असतं. विसरलो म्हणता आलं असतं. "कोंपल्लीचं बोलणं चालू होतं. तू नाही तर चढणार कोण? विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग मला ते काम सोडावं लागलं असतं."

रितेशनं ओंडक्याची सुटलेली साल ओढून काढली. रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला. "मी दोन दिवस वाट बघितली," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं दादा विचारणार. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, विचारलं नाहीस ते. तू पण तसलाच, मी पण तसलाच."

"आज ते मशीन..."

"नको बोलू."

"मी काय म्हणतोय ते ऐक तरी."

"काय ऐकू? वर गेलं की मला कळतंय रे, दादा. कुठली फांदी कुठं झुकणार, दोर कुठं टाकायचा, कुठल्या खाचेला झाड आपणहून बसणार. तेवढंच येतंय मला. बाकी काय येतंय? आता काय करू मी? ऑफिसात बसू? खाली उभा राहून वरच्याला ओरडू? खालून ओरडणाऱ्यांना आम्ही वर बसून किती हसलोय, तुला काय सांगू."

अनिरुद्ध एरवी कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायचा; धंद्यात तेच त्याचं काम होतं. या वेळी त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "मला माहीत नाही."

रितेशनं त्याच्याकडं बघितलं. मग आपले हात काखेत दाबून धरले, ऊब यावी म्हणून, आणि दोघं तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं निशिगंधाची हाक आली. सखूनं पुसलेल्या भाकरीतली एक मल्लेशला दिली होती आणि तो शेंगाच्या चटणीनं डोळ्यांत पाणी आणत ती खात होता.

*

ते परत आले तेव्हा संभाजी दोन्ही मशिनांच्या मधोमध उभा होता.

"मी ट्रॅक्टरचा दम बघत बसलो, तू टाइम बघत बसलास," तो अनिरुद्धला म्हणाला. "दोघंबी चुकलो. ज्याचे हात त्या तोंडापाशी जायचेत, मशीन त्यानं निवडायचं. रितेश आता तिथं उभा राहणार नाई. झाडावरबी नाई."

रितेशनं समोरची एक ढलपी पायानं बाजूला सारली. निशिगंधा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलात चलायचं," ती हळू म्हणाली. "हौ," रितेश म्हणाला.

"तर मग कोण राहणार उभं?" संभाजीनं विचारलं.

"माणसं लावू की, बाबा," अनिरुद्ध म्हणाला. "दोन-तीन माणसं बघतो मी."

"त्या माणसांचे हात कुणाचेच नसतेत का?"

अनिरुद्धनं हातातल्या फोनकडं बघितलं, मग तो खिशात टाकला.

"पहिले तीन महिने घरचं माणूस राहील," संभाजी म्हणाला. "त्याला नीट आलं, की मग तो दुसऱ्याला शिकवंल. असंच शिकलाव आम्ही. घरचं कोण, ते सांगा."

"मी राहते की, सुट्टीच्या दिवशी," निशिगंधा म्हणाली.

"तू नक्को," अनिरुद्ध म्हणाला. ते इतकं पटकन आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "मी राहतो."

सखू त्याच्याकडं बघतच राहिली. शाळा सुटल्यापासून त्यानं घरच्या धंद्यात फांदी उचललेली तिला आठवत नव्हती. शर्टाला इस्त्री, पायात बूट, कानाला फोन. पण तो बाह्या वर करत होता.

"बरं," संभाजी म्हणाला. "मग तू सांग, कुठलं घ्यायचं?"

अनिरुद्धनं चकतीवाल्याकडं बघितलं. तोंडाच्या पत्र्यावर सुबाभळीची साल चिकटून होती. मग लाल दांडीकडं बघितलं. त्याला विचार करावा लागलाच नाही. उत्तर आधीच जिभेवर येऊन बसलं होतं, आणि तेच त्याला बोलता येईना. सकाळी भावासाठी त्यानं किती मिनिटांत निवड केली होती? वीस मिनिटांत गाडी खलास, एवढ्यावर. आता स्वतःचे दोन हात मध्ये आले आणि सगळा हिशोब एका श्वासात फिरला.

"लाल दांडीवालं," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. निशिगंधा दुसरीकडं बघायला लागली. संभाजी ट्रॅक्टरचं झाकण उगीच उघडून बघायला लागला. कुणीतरी बोलावं, शिव्या घालाव्या, असं अनिरुद्धला फार वाटलं.

"सकाळी मी जे म्हणालो ना..."

"कळलं, दादा," रितेश म्हणाला. "राहू दे आता."

मग अनिरुद्धनं फोन काढला आणि सगळ्यांच्या देखतच कोंपल्लीच्या सेक्रेटरीला लावला. आमचा मुख्य चढणारा माणूस यापुढं चढणार नाही, तो म्हणाला. नवी माणसं तयार करायला चार-सहा महिने जातील. मशीन महिनाअखेरला दाखवतो, पण यंदा निम्मीच झाडं घेऊ शकतो. बाकीची दुसऱ्याला द्यायची असतील तर द्या. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत राहिलं. "ठीक आहे सर, तुम्ही कमिटीत विचारा," म्हणून त्यानं फोन ठेवला. "बुधवारी सांगतात. देतील किंवा नाही देणार."

"नाई दिलं तर?" सखूनं विचारलं.

"तर दुसरं बघू, माय."

मल्लेशनं रोलरवालं मशीन जोडलं. संभाजी पुन्हा ट्रॅक्टरवर चढायला निघाला तसा रितेश म्हणाला, "बाबा, आधी एक ऐक. तुम्ही पण ऐका, मल्लेशअण्णा. आता जी नवी माणसं येतील, त्यांच्या कुणाच्याच हातात चेनसॉ सलग तासाच्या वर राहणार नाही. तास झाला की मशीन दुसऱ्याकडं. काम उरू दे, उद्या करू. थंडीत हातमोजे नसले तर वर सोडायचं नाही. हे मी बघणार, आणि मीच खाली उभा राहून ओरडणार."

"तासानं काय होतंय, आम्ही तर..." संभाजीनं सुरुवात केली. मग पोराच्या हातांकडं बघून तो थांबला. "बरं," म्हणाला, आणि वर चढला.

रोलर फिरायला लागले, सावकाश, एकमेकांकडं वळत. चकतीवाल्याच्या शीळेपुढं हा आवाज जात्यासारखा वाटत होता. रितेशनं आधी स्वतः गुडघ्यानं लाल दांडी ढकलली. रोलर जागच्या जागी थांबले. त्यानं तीनदा तसं करून बघितलं, तिन्ही वेळा थांबले. मग अनिरुद्धला खांद्याला धरून तोंडाच्या समोरून बाजूला उभं केलं.

"समोर नाही उभं राहायचं. कधीच नाही. इथं, कडेला. घड्याळ काढ आधी. बाह्या वर केल्यास ते बरं झालं. आता ती फांदी घे. तशी नव्हे, बुंध्याकडून. जाड टोक आधी आत जातं, पाला मागं राहतो."

अनिरुद्धनं फांदी उचलली. ती दिसली त्यापेक्षा जड होती आणि ओली साल हाताला चिकटत होती. त्यानं जाड टोक तोंडात ठेवून पुढं ढकललं. रोलरच्या दातांनी लाकूड पकडलं आणि फांदी त्याच्या हातात जिवंत झाल्यासारखी हलली. त्यानं ती घट्ट धरली. फांदी पुढं सरकत होती आणि तो तिच्याबरोबर, एका हातानं, दुसऱ्या हातानं, अर्धं पाऊल.

"पकडलंय त्यानं," रितेश त्याच्या कानाशी म्हणाला. "आता तुझं काम संपलं. सोड."

अनिरुद्ध मान हलवत होता, पण हात सुटत नव्हते.

"सोड, दादा," रितेश म्हणाला.

अनिरुद्धनं हात सोडले. फांदी पाल्यासकट आपल्या चालीनं आत गेली, आणि रितेशनं वाकून त्याच्या पायाशी पुढची ठेवली.